चीनमधल्या ‘अस्मिते’चा अभ्यास: आधी शब्द तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्यशास्त्रात एम.ए. झालं आहे, चिनी भाषा येत नाही, आणि पीएच.डी.साठी ‘चीनमधील राष्ट्रीय अस्मिता आणि अल्पसंख्याक’ हा विषय डोक्यात आहे. इंग्रजी ग्रंथ आणि चीन सरकारची इंग्रजी भाषांतरं यांवर काम भागेल का? भागणार नसेल तर सुरुवात कुठून करायची आणि चुका कुठे होतात?

भागणार नाही. सरकारी भाषांतरं वाईट असतात म्हणून नव्हे. ती बरीच चोख असतात. अडचण वेगळी आहे. या विषयात शब्द हाच पुरावा असतो आणि भाषांतरात नेमका तोच हरवतो. कम्युनिस्ट पक्ष एखादा ठरलेला शब्द बदलतो तेव्हा धोरण बदललेलं असतं, किंवा बदलायच्या बेतात असतं. इंग्रजीत मात्र जुन्या आणि नव्या शब्दाला पुष्कळदा एकच प्रतिशब्द लावलेला आढळतो.

तुमच्या शीर्षकापासूनच सुरुवात करू. ‘अस्मिता’ म्हणजे इंग्रजीत ‘आयडेंटिटी’, पण चिनीत त्याचे दोन शब्द होतात. पहिला ‘शेनफन’. हा दप्तरातला शब्द आहे: माणसाचा दर्जा, नोंद, कागदावरची ओळख. ओळखपत्राला ‘शेनफनचंग’ म्हणतात आणि त्यावर नाव, लिंग, जन्मतारीख, पत्ता यांच्या जोडीला त्या माणसाचा ‘मिंत्सू’ही, म्हणजे सरकारदरबारी मान्य असलेला त्याचा गट, छापलेला असतो. दुसरा शब्द ‘रेनथोंग’. शब्दशः ‘आपलं, एकच म्हणून मानणं’. ही क्रिया आहे आणि तिला कर्म लागतं: कशाला आपलं मानायचं? मराठीत ‘ओळखपत्र’ आणि ‘अस्मिता’ यांत जो फरक जाणवतो तसाच हा फरक आहे, फक्त चिनी रेनथोंग नुसती मनात बसून राहत नाही, ती कशाकडे तरी वळलेली असते. पक्षाच्या कागदांत म्हणूनच ‘पाच रेनथोंग’ असं सूत्र येतं: मातृभूमी, चोंगह्वा मिंत्सू (सगळ्या गटांचा मिळून होणारा ‘चिनी’ समुदाय), चोंगह्वा म्हणजे चिनी संस्कृती, कम्युनिस्ट पक्ष आणि चिनी वैशिष्ट्यांचा समाजवाद. 2014 पर्यंत ही ‘चार’ होती. ऑगस्ट 2015 मधल्या तिबेटविषयक बैठकीनंतर ‘पाच’ झाली, आणि भर पडली ती पक्षाची. तुमचा प्रबंध शेनफनवर आहे की रेनथोंगवर, हे ठरल्याशिवाय प्रश्नावली, पुरावे, कालखंड यांपैकी काहीच ठरवता येत नाही. पहिल्याचा पुरावा नोंदणी कार्यालयात, जनगणनेत आणि नियमांत सापडतो; दुसऱ्याचा पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, सर्वेक्षणांत आणि लोकांच्या बोलण्यात. पुष्कळ प्रबंध पहिल्याचे आकडे देऊन दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढतात. परीक्षक चांगला असेल तर तिथेच अडवतो.

आता ‘मिंत्सू’. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी वाटेने चिनीत रुळला. ‘चोंगह्वा मिंत्सू’ हा जोडशब्द विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी विचारवंत ल्यांग छिचाओने चालवला. 1912 च्या प्रजासत्ताकाने ‘पाच लोकांचं ऐक्य’ सांगितलं आणि पाच रंगी ध्वज घेतला. 1939 मध्ये युद्धकाळात खुनमिंगमध्ये इतिहासकार कू चिएकांगने ‘चोंगह्वा मिंत्सू एकच आहे’ असा लेख लिहिला. तरुण समाजशास्त्रज्ञ फेई शियाओथोंगने त्याला हरकत घेतली. त्याच फेईने 1988 मध्ये हाँगकाँगच्या व्याख्यानात ‘अनेक घटक, एक देह’ (तुओयुआन यीथी) ही मांडणी केली आणि ती पुढे जवळजवळ अधिकृत झाली. आज चिनी विद्वान या मांडणीतल्या ‘अनेक’ शब्दावर जोर देतात की ‘एक’वर, एवढं पाहिलं तरी कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते कळतं.

गोम अशी की एकच शब्द दोन पातळ्यांवर चालतो. छप्पन गट हेही मिंत्सू आणि त्या सगळ्यांचा मिळून होणारा चोंगह्वा हाही मिंत्सू. 1950 च्या दशकातली इंग्रजी भाषांतरं खालच्या पातळीसाठी ‘नॅशनॅलिटी’ लिहीत. नंतर तो शब्द फुटीरतेचा वास येतो म्हणून मागे पडला आणि ‘एथ्निक ग्रुप’ आला. बीजिंगच्या केंद्रीय मिंत्सू विद्यापीठाने तर 2008 मध्ये आपल्या इंग्रजी नावातून ‘नॅशनॅलिटीज’ काढून सरळ ‘मिंत्सू’ हा चिनी शब्दच ठेवला. चिनी नाव होतं तसंच राहिलं! मराठीतही तीच गोची आहे. ‘वंश’ लिहावं तर ह्वे लोक आड येतात: त्यांची भाषा चिनी, वस्ती देशभर विखुरलेली, आणि वेगळेपण मुख्यतः इस्लामच्या परंपरेतून आलेलं. ‘जमात’ किंवा ‘आदिवासी’ लिहावं तर च्वांग लोकांची संख्या 2020 मध्ये 1.9 कोटींच्या वर होती. ‘राष्ट्र’ लिहिलं तर तुम्ही नकळत एक राजकीय बाजू घेतलेली असते. म्हणून प्रबंधात मिंत्सू हा शब्द भाषांतर न करता ठेवावा, पहिल्याच प्रकरणात तो समजावून द्यावा आणि मग शेवटपर्यंत तसाच वापरावा.

हे छप्पन आले कुठून, हेही नीट माहीत हवं, कारण बहुतेक जण ते निसर्गतःच असल्यासारखं लिहितात. 1953 च्या जनगणनेच्या वेळी लोकांनी स्वतःहून नोंदवलेली नावं 400 हून अधिक निघाली. त्यांतली 260 हून जास्त एकट्या युन्नान प्रांतातली होती. 1954 मध्ये भाषाशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांची पथकं तिथे गेली आणि थोड्या महिन्यांत ती नावं मोजक्या गटांत बसवली. कागदावर निकष स्टालिनच्या 1913 च्या व्याख्येचे: समान भाषा, समान प्रदेश, समान अर्थजीवन, आणि समान संस्कृतीतून दिसणारी समान मनोरचना. प्रत्यक्षात चारही निकष क्वचितच जुळत आणि भाषांच्या वर्गीकरणाचाच आधार मोठा होता. शेवटचा, छप्पन्नावा गट म्हणजे युन्नानमधले चिनो. त्यांना 1979 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर यादी बंद आहे. तरीही 2010 च्या जनगणनेत सुमारे 6,40,000 लोक ‘अद्याप निश्चित न झालेले’ या रकान्यात होते, आणि त्यांत मोठा भाग क्वेचौ प्रांतातल्या छ्वानछिंग लोकांचा आहे.

जनगणनेचा आकडा वापरताना एक उदाहरण कायम डोळ्यांसमोर ठेवा. 1982 मध्ये मांचू लोकसंख्या 43 लाख होती. 1990 मध्ये 98 लाख. आठ वर्षांत दुपटीहून अधिक. एवढी मुलं जन्मलेली नाहीत. सांस्कृतिक क्रांतीनंतर मांचू म्हणवून घेण्यात धोका उरला नाही, उलट मुलांच्या प्रवेश परीक्षेत जादा गुण आणि अपत्यांच्या नियमात थोडी सूट मिळू लागली, तेव्हा हान (चीनमधला बहुसंख्य गट) म्हणून नोंदलेल्यांनी आजी-आजोबांच्या आधारावर नोंद बदलून घेतली. म्हणजे हा आकडा शेनफनचा आहे, त्यामागे रेनथोंग किती आणि सोय किती हे त्यातून कळत नाही. ही नोंद बदलण्याची वाट पुढे अरुंद केली गेली. 1 जानेवारी 2016 पासून लागू असलेल्या नियमांनुसार मिंत्सू फक्त आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचाच लावता येतो. 18 वर्षांखालील मुलासाठी पालकांना एकदा बदल मागता येतो, आणि 18 पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत त्या व्यक्तीला स्वतः एकदा. त्यानंतर दार बंद. 2020 च्या जनगणनेत हान 91.11 टक्के आणि बाकीचे 55 गट मिळून 8.89 टक्के, म्हणजे सुमारे 12.5 कोटी. 2010 मध्ये हा वाटा 8.49 टक्के होता. या वाढीचं कारण लिहायच्या आधी वयोगटांचे तक्ते उघडून पाहा: 2010 मध्ये 20 ते 24 वयाचे जितके मांचू होते, त्यांच्याच जन्मवर्षांचे 2020 मध्ये 30 ते 34 वयात किती आहेत? संख्या वाढलेली दिसली तर ती जन्मातून आलेली नाही, नोंद बदलली आहे. ही पाच मिनिटांची तपासणी पुष्कळ छापील लेखांतही केलेली नसते.

आता मुख्य कौशल्याकडे येतो: ठरलेल्या शब्दप्रयोगांचं वाचन. चिनीत याला ‘थीफा’ म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट मांडण्याचं अधिकृत सूत्र. वरपासून खालपर्यंत सगळे तेच शब्द त्याच क्रमाने वापरतात, म्हणून एक क्रियापद बदललं तरी त्याला वजन असतं. तुमच्या विषयातलं सगळ्यांत चांगलं उदाहरण ‘चोंगह्वा मिंत्सूच्या सामूहिक देहाची जाणीव’ हे आहे. मे 2014 मध्ये शिंच्यांगविषयक (म्हणजे शिनजियांग प्रांताविषयीच्या) बैठकीत ही जाणीव ‘घट्ट रुजवा’ असं म्हटलं गेलं, तेही देशाची जाणीव आणि नागरिकत्वाची जाणीव यांच्या जोडीने, तीनांपैकी एक म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या मिंत्सूविषयक केंद्रीय परिषदेत ती एकटी आली आणि क्रियापद होतं ‘फेइयांग’, जोपासणं. ऑक्टोबर 2017 मध्ये एकोणिसाव्या पक्ष अधिवेशनात क्रियापद झालं ‘चूलाओ’: धातू ओतून पक्कं करणं. हेच शब्द पक्षाच्या घटनेतही गेले. मार्च 2018 मध्ये देशाच्या राज्यघटनेत ‘चोंगह्वा मिंत्सूचं महान पुनरुत्थान’ आलं. त्याआधी ‘चोंगह्वा मिंत्सू’ हा शब्द 1982 च्या घटनेत नव्हता. ऑगस्ट 2021 च्या परिषदेत ही जाणीव पक्षाच्या सगळ्या मिंत्सू-कामाची ‘मुख्य रेषा’ ठरली. रोपट्यासाठी वापरायचा शब्द जाऊन ओतकामाचा आला, एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही, पण कुठे शोधायचं ते यातून कळतं. संस्थांकडे पाहा: 2018 मध्ये राज्य मिंत्सू आयोग पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाच्या (पक्षाबाहेरच्या गटांशी संबंध सांभाळणारं खातं) हाताखाली गेला; डिसेंबर 2020 मध्ये त्याच्या प्रमुखपदी कित्येक दशकांनी हान व्यक्ती आली. वर्गांकडे पाहा: 2020 च्या शरदात आंतर मंगोलियात भाषा, राजकारण आणि इतिहास हे विषय राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांतून, प्रमाण चिनीत शिकवण्याचा निर्णय आला आणि पालकांनी मुलं शाळेत पाठवणं थांबवून विरोध केला. क्रियापदं, खुर्च्या आणि पाठ्यपुस्तकं हे तिन्ही एकाच दिशेने सरकताना दिसले की मगच ‘धोरण बदललं’ असं लिहा.

यात बहुतेकांची एक चूक होते: सगळं शी जिनपिंग यांच्या नावावर टाकून मोकळं होणं. ही दिशा आधीपासून विद्यापीठांत चर्चेत होती. पेकिंग विद्यापीठाचे मा रोंग (जन्माने ह्वे) 2004 पासून मिंत्सूचा प्रश्न ‘राजकारणातून बाहेर काढा, संस्कृतीचा माना’ असं म्हणत होते. 2011 मध्ये हू आनकांग आणि हू लिएनह यांनी ‘दुसऱ्या पिढीचं मिंत्सू धोरण’ मांडलं, त्यावर चिनी नियतकालिकांत खडाजंगी झाली, आणि विरोध करणाऱ्यांत मोठमोठे हान विद्वानही होते. त्यातले हू लिएनह पुढे संयुक्त आघाडी विभागात अधिकारी झाले आणि ऑगस्ट 2018 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे शिंच्यांगवर चीनची बाजू मांडायला उभे राहिले. लेखातली कल्पना सात वर्षांत सरकारी बाकावर बसली. तो 2011-12 चा वाद मूळ चिनीत वाचणं हेच तुमच्या पहिल्या वर्षाचं काम समजा.

कागद हातात आला की आधी त्याची पायरी ओळखा. महाराष्ट्रात ज्यांनी शासन निर्णय चाळले आहेत त्यांना हे सोपं जाईल. राज्य परिषदेच्या, म्हणजे चीनच्या मंत्रिमंडळाच्या, कागदावर ‘क्वोफा 〔2014〕 25 हाओ’ असा क्रमांक असतो: क्वोफा म्हणजे राज्य परिषदेने काढलेला, मग वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रमांक. (हा विशिष्ट कागद जुलै 2014 चा, हुकोउ म्हणजे घरनोंदणीच्या सुधारणेचा.) अनुक्रमांकांत मधले आकडे गायब असतील तर ते कागद जाहीर झालेले नाहीत, एवढं तरी कळतं. मग शीर्षकातलं शेवटचं पद पाहा. ‘फा’ म्हणजे कायदा, ‘थियाओली’ म्हणजे त्याखालची विनियमावली, ‘पानफा’ म्हणजे कार्यपद्धती, ‘यीचिएन’ म्हणजे ‘मत’ आणि ‘थोंगची’ म्हणजे सूचना. ‘मत’ हा शब्द ऐकून फसू नका. तो सल्ला नसतो, खालच्या कार्यालयांसाठी ते धोरणच असतं, फक्त अंमलबजावणीची मोकळीक जास्त असते. कंसात ‘शीशिंग’ असेल तर ते प्रायोगिक आहे, पण प्रायोगिक कागद वर्षानुवर्षं चालतात. शिवाय एकच गोष्ट केंद्राच्या कागदात तीन ओळींत असते आणि जिल्ह्याच्या कागदात मुदत, रक्कम आणि जबाबदार अधिकारी यांसह. अंमलबजावणीवर लिहायचं असेल तर जिल्ह्याचा कागद शोधा. हेतूवर लिहायचं असेल तर केंद्राचा. दोन्हींची सरमिसळ झाली की बीजिंगमधल्या भाषणाला खेड्यातलं वास्तव समजलं जातं.

शब्द मोजण्याचा मोह आता सगळ्यांनाच होतो. ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राचे जुने अंक 1946 पासून शोधता येतात, आणि आलेख काढला की प्रकरण भरल्यासारखं वाटतं. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ‘मिंत्सू’ शोधलंत तर ‘चोंगह्वा मिंत्सू’, ‘शाओशू मिंत्सू’ (अल्पसंख्य), ‘मिंत्सू चुयी’ (राष्ट्रवाद) सगळेच एका पोत्यात पडतात. नोव्हेंबर 2012 नंतर ‘चोंगह्वा मिंत्सूचं महान पुनरुत्थान’ रोजच्या रोज छापून येतं, त्यामुळे नुसता ‘मिंत्सू’चा आलेख वर चढतो आणि अल्पसंख्याकांकडे लक्ष वाढलं असं वाटू लागतं. अर्थ नेमका उलटा असू शकतो. म्हणून लांब शब्द आधी मोजा, ते वजा करा, मग आखूड मोजा. आणि ‘च्येपा’सारखं शब्दविभाजक साधन वापरत असाल तर ही सूत्रं त्याच्या शब्दकोशात स्वतः घाला, नाहीतर ते त्यांचे हवे तिथे तुकडे करतं. दुसरं, पानांची संख्या दशकागणिक बदलली आहे. चार पानांच्या अंकातले दहा उल्लेख आणि वीस पानांच्या अंकातले दहा उल्लेख सारखे कसे? एकूण लेखांपैकी किती लेखांत शब्द आला, ते प्रमाण घ्या. तिसरं, पहिल्या पानावरचं संपादकीय आणि सोळाव्या पानावरची नृत्याची बातमी यांना सारखं वजन देऊ नका. प्रत्येक वर्षाचे पन्नासेक उल्लेख तरी स्वतः वाचून हाताने वर्गीकरण करा.

सर्वेक्षणांकडे वळण्याआधी तैवानचं उदाहरण घ्या, कारण ‘चिनी’ या मराठी शब्दाखाली काय काय दडतं ते तिथे उघड होतं. तैपेईच्या राष्ट्रीय चंगची विद्यापीठाचं निवडणूक अभ्यास केंद्र 1992 पासून विचारत आलं आहे: तुम्ही स्वतःला तैवानरेन म्हणाल, चोंगक्वोरेन म्हणाल, की दोन्ही? 1992 मध्ये उत्तरं होती 17.6, 25.5 आणि 46.4 टक्के. अलीकडच्या वर्षांत फक्त तैवानरेन म्हणवणारे साठ टक्क्यांच्या आसपास आहेत, फक्त चोंगक्वोरेन म्हणवणारे अगदी थोडे. इथे ‘तैवानी लोक स्वतःला चिनी मानत नाहीत’ असं लिहून मोकळं व्हायचं नसतं. चोंगक्वोरेन म्हणजे ‘चीन’ या देशाचा माणूस. संस्कृतीने, पूर्वजांनी चिनी असण्याला ‘ह्वारेन’ हा वेगळा शब्द आहे आणि तो नाकारलेला नसू शकतो. सिंगापूर-मलेशियातले लोक ह्वारेन आहेत, चोंगक्वोरेन नाहीत. परदेशी राहणारा चिनी नागरिक ‘ह्वाछ्याओ’. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्याचा वंशज ‘ह्वायी’. 1980 च्या कायद्याने चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे हे शब्द कायद्यातही महत्त्वाचे ठरतात. भाषेच्या नावांतही तेच: मुख्य भूमीवर फूथोंगह्वा, तैवानमध्ये क्वोयू, सिंगापुरात ह्वायू, आणि सध्याच्या पक्षीय कागदांत ‘देशाची सामायिक भाषा आणि लिपी’. कुणी कुठलं नाव वापरलं, ते टिपून ठेवत जा. (तैवानी कागदांवर साल मिंक्वो पद्धतीचं, म्हणजे प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून मोजलेलं असतं, त्यात 1911 मिळवा. 81 म्हणजे 1992. तळटिपांत हा घोळ हमखास सापडतो.)

मुख्य भूमीवरच्या सर्वेक्षणांत अडचण अशी की नाजूक प्रश्नाला लोक सुरक्षित उत्तर देतात. त्यावर यादी-प्रयोग हा एक उपाय आहे. एका गटाला तीन निरुपद्रवी विधानं देऊन ‘यांतली किती पटतात, फक्त संख्या सांगा’ असं विचारायचं. दुसऱ्या गटाला त्याच तिनांत चौथं, नाजूक विधान मिसळून द्यायचं. समजा पहिल्या गटाची सरासरी 1.70 आली, दुसऱ्याची 2.25, फरक 0.55, म्हणजे चौथं विधान अंदाजे 55 टक्क्यांना पटतं, आणि कुणी काय निवडलं ते कुणालाच कळत नाही. पण दोन सरासऱ्यांची वजाबाकी असल्यामुळे अंदाजातल्या त्रुटीचा पट्टा रुंद होतो. दोन्ही गटांत 200-200 लोक आणि प्रमाण विचलन 0.9 धरलं तर उत्तर 18 अंकांनी इकडे-तिकडे जाऊ शकतं. 1000-1000 घेतले तरी 8 अंकांनी. छोट्या नमुन्यावर हा प्रयोग करणं म्हणजे ताणकाट्यावर सोनं जोखण्यासारखं आहे. तीन साधी विधानंही अशी निवडा की सगळी सगळ्यांना पटणार नाहीत, नाहीतर ‘चार’ म्हणणारा माणूस उघडा पडतो.

साहित्य मिळवण्याचा रस्ता गेल्या दशकात अरुंद झाला आहे. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचं दप्तर 2004 पासून टप्प्याटप्प्याने खुलं झालं होतं, 1965 पर्यंतचे कागद पाहता येत होते. 2012-13 च्या सुमारास बहुतेक परत बंद झाले. सीएनकेआय या प्रबंध-लेखांच्या मोठ्या साठ्यातले शोधप्रबंध, परिषदांचे कामकाज आणि सांख्यिकी वार्षिकं 1 एप्रिल 2023 पासून परदेशी वर्गणीदारांना मर्यादित झाली. त्यामुळे जे आज उघडतं ते आजच उतरवा: पानाचं पीडीएफ, पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ, आणि शक्य तर सार्वजनिक जालसंग्रहातली प्रत. पान नाहीसं झालं तर तेही नोंदवा. पण कागद काढला गेला म्हणजे मुद्दाम लपवला असं लगेच लिहू नका, चिनी सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधताना हजारो पानं अशीच मरतात. हाती लागण्यासारखं आणि कमी वापरलेलं साधन म्हणजे स्थानिक इतिवृत्तं, तीफांगची. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याचं 1980 नंतरचं नवं इतिवृत्त आहे. त्यात कुठल्या वर्षी कुणाचा मिंत्सू बदलून नोंदवला, कुठली शाळा कुठल्या भाषेत चालली, असे कोरडे तपशील असतात, आणि त्या कोरडेपणामुळेच ते विश्वासार्ह असतात. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचा मोठा साठा आहे.

शिंच्यांगवर काम करायचं असेल तर एकाच जातीच्या पुराव्यावर उभे राहू नका. उइगूर आणि इतर मुस्लिमांना जिथे डांबलं गेलं त्या जागांसाठी सरकारी शब्द ‘व्यावसायिक कौशल्य शिक्षण-प्रशिक्षण केंद्र’ हा होता, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये प्रादेशिक नियमावलीत दुरुस्ती करून तो आत आणला गेला. त्या इमारती प्रत्यक्षात काय होत्या हे शोधताना अभ्यासकांनी बांधकामाच्या निविदा, नोकरभरतीच्या जाहिराती, उपग्रह-छायाचित्रं आणि सुटलेल्या लोकांच्या साक्षी एकमेकांवर ठेवून पाहिल्या. यांतलं कुठलंही एक साधन एकटं तोकडं पडतं. माहिती देणाऱ्याचं नाव, गाव, नातलगांची संख्या, बोलीची खूण यांपैकी काहीही प्रबंधात जाता कामा नये. चीनमध्ये असलेल्या कुणाशी यावर फोनवर किंवा वीचॅटवर बोलू नये.

भाषेचं काय, हे राहिलं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं इंग्रजी भाषकांना चिनीसाठी सुमारे 2200 तासांचं शिक्षण धरतं. तुम्हाला सगळं लागणार नाही, कारण पक्षाचं गद्य ही चिनीतली सगळ्यांत कंटाळवाणी आणि म्हणूनच सगळ्यांत सोपी जात आहे. तीच सूत्रं फिरून फिरून येतात. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेतल्या जुन्या पाचव्या पातळीच्या 2500 शब्दांवर कोश हाताशी ठेवून कागद वाचायला सुरुवात करता येते. रोज दोन तास दिलेत तर साधारण दोन वर्षं. त्याआधी सुरू केलंत तर एका पानाला एक दिवस लागेल आणि उत्साह मावळेल. कादंबऱ्या, वेईबो या समाजमाध्यमावरची थट्टा, दोन अर्थांचे श्लेष हे मात्र त्याच्या कितीतरी पुढचं आहे. संस्कृतीवर प्रकरण लिहायचं असेल तर ते शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवा.

उच्चारात मराठी माणसाला एक आयती सवलत आहे आणि ती इंग्रजीतून शिकल्यामुळे वाया जाते. पिनयिन म्हणजे चिनीचं रोमन लिपीतलं लेखन; त्यातले बी, डी, जी हे घोष वर्ण नाहीत. ते आपले प, त, क आहेत, आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. ‘बीजिंग’ बोलायला ‘पेइचिंग’ आहे. पिनयिनचा झेड म्हणजे ‘चाक’मधला च, जे म्हणजे ‘चहा’मधला च, हा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. ‘मिंत्सू’मध्ये ऐकू येतो तो ‘चाक’चाच च. जुन्या वर्तमानपत्रांतलं ‘चौ एन लाय’ हे आजच्या ‘झोऊ एनलाई’पेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ होतं! प्रबंधात मात्र नावं पिनयिनमध्ये आणि पहिल्या उल्लेखाला चिनी अक्षरांसह द्या; देवनागरी लेखनाचा एक तक्ता सुरुवातीला जोडा आणि तो मोडू नका.

पहिल्या सहा महिन्यांसाठी एक छोटा सराव सुचवतो. 1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. पाचही जणांच्या चिनी नावांना शेवटी ‘ह्वा’ जोडलेलं होतं. कोटणीस झाले ‘ख तीह्वा’. हा ‘ह्वा’ म्हणजे चोंगह्वामधलाच, ह्वारेनमधलाच. परक्या माणसाला तो अभिमानाने देता येतो, इतका तो रक्तापासून सुटा आहे. ‘पीपल्स डेली’मध्ये या नावाचे सगळे उल्लेख काढा. सालवार मांडा. 1962 च्या आधी आणि नंतर काय होतं ते पाहा, मग 1982, जेव्हा त्यांच्या चाळिसाव्या पुण्यतिथीला चीनने टपाल तिकिटं काढली, आणि 2006, जेव्हा हू जिंताओ मुंबईत कोटणीस कुटुंबाला भेटले. प्रत्येक उल्लेखात त्यांना कुठलं विशेषण लावलं आहे, ‘आंतरराष्ट्रीयतावादी’ की ‘चिनी जनतेचा मित्र’, आणि शेजारी भारत सरकारचा उल्लेख आहे की फक्त भारतीय जनतेचा, एवढे दोन रकाने भरा. काम आटोपशीर आहे, शब्दसंपदा मर्यादित लागते, आणि लांब शब्द आधी मोजायची सवयही याच कामात लागते, कारण नुसतं ‘ख’ शोधलंत तर त्या आडनावाचे बाकीचे लोकही हाती लागतील.